बदलते वेब-तंत्रज्ञान आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांची निर्मिती : अफझलगंजच्या ग्रंथसंपदेच्या अनुषंगाने एक चिकित्सा

प्रास्ताविक

ऑनलाइन शिक्षणाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा स्वागतपर असते. नवे व्यासपीठ सुरू झाले, अमुक इतके अभ्यासक्रम त्यावर चढविण्यात आले, अमुक इतक्या विद्यार्थ्यांनी नावनोंदणी केली, असा त्या लेखनाचा थाट असतो. ते अभ्यासक्रम दहा वर्षांनी उघडतात काय, उघडले तर वाचता येतात काय, आणि वाचता आले तरी त्यात दुरुस्ती करता येते काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात तेच विचारावयाचे आहेत. त्यासाठी हैदराबादसारखे उदाहरण दुसरे नाही. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ 1982 मध्ये याच शहरात स्थापन झाले, जे आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. दूरशिक्षणाची जबाबदारी असलेले मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ 1998 मध्ये येथेच निघाले. मुसी नदीच्या काठी अफझलगंज येथे उभ्या असलेल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातील ग्रंथही भारतीय ग्रंथांच्या संगणकीकरणाच्या पहिल्या मोठ्या प्रयोगात सामील झाले.

अभ्यासक्रमाच्या चर्चेत ग्रंथालय कोठून आले, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे केवळ शिक्षकाचे व्याख्यान नव्हे. ‘स्वयम्’च्या रचनेत व्याख्यान, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन असे चार भाग मानलेले आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्याला वाचनसाहित्य दहा ठिकाणी मिळते. मराठी वा उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला मात्र जुने, स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले ग्रंथ हाच मोठा आधार असतो आणि ते ग्रंथ कोणत्या रूपात वेबवर आले यावर त्याचा अभ्यासक्रम कसा असेल हे ठरते.

अफझलगंजचे ग्रंथ

आसफिया ग्रंथालयाची स्थापना 1891 मध्ये सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने झाली. 1936 मध्ये ते अफझलगंजच्या आजच्या भव्य इमारतीत आले आणि 1955 च्या ग्रंथालय कायद्यानंतर राज्य मध्यवर्ती ग्रंथालय झाले. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता, म्हणून या ग्रंथालयाशी मराठी वाचकाचे नाते परक्याचे नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या गेल्या शतकातील कारभाराचा अभ्यास करावयाचा तर उर्दू वाचता यावे लागते आणि हैदराबादला यावे लागते, हे संशोधकांना ठाऊकच आहे.

कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्रा. राज रेड्डी यांच्या प्रेरणेने दहा लाख ग्रंथांचा प्रकल्प सुरू झाला. भारतात बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि हैदराबादची आयआयआयटी यांनी त्यात पुढाकार घेतला. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हे त्याचे भारतीय रूप 2003 मध्ये लोकांसमोर आले. अफझलगंजचे ग्रंथ या योजनेत पानापानाने स्कॅन झाले. त्या काळी भारतीय लिप्यांची छापील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून देणारे भरवशाचे सॉफ्टवेअर नव्हते, कागद पिवळा पडून तुटत होता, तेव्हा आधी चित्र घेऊन ठेवणे हा निर्णय योग्यच होता. त्याबद्दल त्या मंडळींचे ऋण मान्य करूनच पुढील टीका करावयाची आहे.

टीका आहे ती पुढच्या पायरीविषयी. प्रत्येक पान ‘टिफ’ प्रकारच्या चित्राच्या स्वरूपात ठेवण्यात आले. छपाईसाठी आणि जतनासाठी हा प्रकार उत्तम. पण प्रचलित ब्राउझर तो आपणहून दाखवीत नसत. वाचकाने आधी एक पूरक प्रणाली, म्हणजे प्लग-इन, आपल्या संगणकावर बसवावी आणि मग एकेक पान उलटीत वाचावे, अशी व्यवस्था होती. संपूर्ण ग्रंथ एकदम उतरवून घेण्याची सोय नसल्याने काही हौशी वाचकांनी त्यासाठी स्वतःच छोटे प्रोग्रॅम लिहिले. हे कौतुकास्पद खरे, परंतु परळी किंवा उदगीरच्या सायबर कॅफेत बसलेल्या विद्यार्थ्याकडून ती अपेक्षा कशी करावी? पुढे ब्राउझरांनी प्लग-इनची जुनी पद्धतच मोडीत काढली. क्रोमने ती 2015 मध्ये बंद केली, फायरफॉक्सने 2017 मध्ये. म्हणजे ग्रंथ जागेवर, चित्रे जागेवर, आणि दाराची कडी मात्र दुसऱ्याच कोणीतरी बदललेली.

त्याच सुमारास स्वामित्वहक्काच्या तक्रारींमुळे मूळ संकेतस्थळही बंद झाले. तो स्वतंत्र विषय आहे. त्याआधी कार्ल मालमुड यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ने लाखो ग्रंथांच्या प्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर नेऊन ठेवल्या, म्हणून आज त्या मिळतात. तेथील प्रत्येक ग्रंथाच्या ओळखपट्टीत ‘इन-अर्नेट-डीएलआय’ ही अक्षरे अजून दिसतात. बंद पडलेल्या घराचा पत्ता नव्या घराच्या पाटीवर राहून गेला आहे. परंतु ज्या शिक्षकांनी आपल्या वाचनसूचीत जुन्या संकेतस्थळाचे दुवे दिले होते, ते दुवे आपोआप नव्या जागी वळले नाहीत. अशा वाचनसूचीवर उभा असलेला पाठ एका दिवसात पोकळ होतो, आणि पाठ लिहिणाऱ्याला ते कळतही नाही.

आणखी एक दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारता येणार नाही. ग्रंथांच्या नोंदी रोमन लिपीत, ज्याला जसे सुचले तशा लिप्यंतरात करण्यात आल्या. एकाच मराठी ग्रंथनामाची दोनतीन स्पेलिंगे, लेखकाच्या जागी प्रकाशक, सालाच्या जागी भलताच आकडा, असे प्रकार सर्रास आढळतात. उर्दू ग्रंथांची स्थिती याहून बिकट आहे, कारण उर्दू नावातील स्वर रोमनमध्ये कसे लिहावेत याविषयी नोंद करणाऱ्यांत एकवाक्यता असणे शक्यच नव्हते. ग्रंथपालाने एका सकाळी देवनागरीत वा उर्दू लिपीत नीट केलेली नोंद वीस वर्षे टिकली असती. यंत्रांवर खर्च झाला, नोंद करणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणावर झाला नाही, असेच म्हणावे लागते.

चित्र आणि मजकूर

पान दिसणे आणि मजकूर हाती असणे यांतील भेद अभ्यासक्रम तयार करणाऱ्याला रोज जाणवतो. मजकूर असेल तर त्यातील उतारा पाठात घेता येतो, शब्द शोधता येतो, मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ओळी आपोआप मोडतात, दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर तो वाचून दाखविते. चित्र असेल तर यातले काहीच होत नाही. विद्यार्थी दोन बोटांनी पान मोठे करतो, डावीकडून उजवीकडे सरकवतो, आणि दुसऱ्या परिच्छेदात कंटाळतो.

उर्दूच्या बाबतीत या प्रश्नाला इतिहास आहे. नस्तालिक वळणाचे सुटे टंक पाडणे अवघड, म्हणून उर्दू छपाईत कातिबाच्या हातची अक्षरे शिळेवरून उतरविण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली. 1981 मध्ये नूरी नस्तालिक आले, 1990 च्या दशकात ‘इनपेज’ आले, आणि छापील उर्दूची मोठी अडचण दूर झाली. पण इनपेजचा मजकूर वेबवर जसाच्या तसा चालत नसे. तेव्हा पानाचे चित्र करून ते चढवावे लागे. अशा रीतीने शिळाछापातून सुटलेली उर्दू संगणकावर पुन्हा चित्रातच अडकली. ब्राउझरमध्ये बऱ्यापैकी दिसणारे युनिकोड नस्तालिक सर्वसामान्य वाचकाच्या हाती यायला 2008 च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. तोवर ज्यांनी युनिकोडमध्ये पाठ ठेवले त्यांना नस्ख वळणावर समाधान मानावे लागले, आणि वाचकांनी नाके मुरडली. आज मागे वळून पाहता नस्खचा तो रुक्ष मजकूर लिहिणारे दूरदर्शी ठरले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यांचे पाठ आजही उघडतात आणि हव्या त्या नस्तालिकमध्ये दिसतात.

मराठीची कथा वेगळी, पण तिचा शेवट तोच. 2000 च्या सुमारास मराठी संकेतस्थळे शिवाजी, डीव्हीबी-टीटी योगेश, श्री-लिपी अशा फाँटांवर चालत. या फाँटांत संगणकाच्या दृष्टीने अक्षरे रोमनचीच असत. त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढविलेला असे. विद्यार्थ्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसे. यावर ‘डायनॅमिक फाँट’ नावाचा तोडगा निघाला, तो मुख्यत्वे इंटरनेट एक्सप्लोररवर चालला आणि त्या ब्राउझरबरोबरच संपला. वास्तविक युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून स्थान होते आणि विंडोज 2000 पासून ती सर्वसामान्य संगणकावर दिसूही लागली होती. तरीही संस्थांनी जुन्या फाँटांत पाठ लिहिणे चालूच ठेवले, कारण छापखान्याला तेच हवे होते. अभ्यासक्रमाचे माध्यम वेब आणि त्याचा खरा मालक छापखाना, असा हा उलटा व्यवहार बरीच वर्षे चालला.

त्या पाठांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे वाटते तितके सोपे नाही. जुन्या फाँटांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठविलेली असतात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार पुढच्या अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो. रूपांतर करणारा प्रोग्रॅम जोडाक्षराशी अडखळला की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. शुद्धिपत्र करणारा माणूस हाताशी नसेल तर तो मजकूर तसाच विद्यार्थ्यापुढे जातो, आणि शुद्धलेखनाचे गुण त्याचेच कापले जातात!

युनिकोड आले म्हणून सर्व प्रश्न सुटले, असेही नाही. ‘ऱ्हास’ किंवा ‘दऱ्या’ यांतील चंद्रकोरीसारखा ‘र’ दोन प्रकारे साठविता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडणे ही एक पद्धत. साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ही दुसरी. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते भिन्न. परिणामी ऑनलाइन चाचणीत रिकाम्या जागी विद्यार्थ्याने ‘दऱ्या’ असे अचूक उत्तर लिहिले आणि उत्तरसूचीत तो शब्द दुसऱ्या पद्धतीने साठविलेला असला, तर यंत्र उत्तर चूक ठरविते. उर्दूत ‘ये’ आणि ‘काफ’ यांचे अरबी आणि उर्दू संकेत वेगवेगळे असल्याने अगदी हाच घोळ होतो. मूल्यमापनाची प्रणाली इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनविलेली असते आणि असल्या गोष्टी निविदेत कोणी लिहीत नाही.

प्रयोगशाळा आणि चित्रफिती

विज्ञान व अभियांत्रिकीच्या पाठांना या बदलांचा फटका दुसऱ्या बाजूने बसला. 2009 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेतून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ उभ्या राहिल्या. आयआयटी दिल्लीकडे समन्वय होता; हैदराबादची आयआयआयटी आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांचा त्यात सहभाग होता. सुरुवातीच्या अनेक प्रयोगांचे सादरीकरण फ्लॅश किंवा जावा ॲप्लेटमध्ये झाले, कारण त्या वेळी हलते चित्र आणि विद्यार्थ्याने फिरविलेले बटण यांची सांगड घालण्याचे तेच चालू साधन होते. आयफोनवर फ्लॅश कधी चाललेच नाही, अँड्रॉइडवर 2012 नंतर त्याचा पुरवठा थांबला, आणि अखेर 31 डिसेंबर 2020 रोजी त्याचा आधार काढून घेण्यात आला. ही शेवटची तारीख 2017 मध्येच जाहीर झाली होती. साडेतीन वर्षांची पूर्वसूचना मिळणे ही या क्षेत्रात चैनच म्हणावयाची.

या प्रयोगांचे जावास्क्रिप्ट व एचटीएमएल-5 मध्ये रूपांतर करण्यात आले, आणि हैदराबादच्या मंडळींनी त्यांची मूळ प्रोग्रॅम-संहिता सर्वांना पाहता येईल अशी खुली ठेवली, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. फ्लॅशची एक मूळ फाइल असे आणि तिच्यापासून तयार झालेली, वेबवर ठेवावयाची दुसरी फाइल असे. मूळ फाइल जपणाऱ्या संस्थेला रूपांतर सुकर झाले. ठेकेदाराकडून केवळ तयार फाइल घेऊन बिल चुकते करणाऱ्या संस्थेला प्रयोग पहिल्यापासून बांधावा लागतो, किंवा सोडून द्यावा लागतो. दुसरा मार्गच अधिक सोयीचा असतो, हे सांगावयास नकोच.

समीकरणांचेही तसेच. गणिती चिन्हे वेबवर मजकूर म्हणून लिहिण्याची पद्धत, मॅथ-एमएल, विसाव्या शतकाच्या अखेरीस तयार होती. क्रोमने ती पूर्णांशाने स्वीकारली 2023 मध्ये. मधली दोन तपे शिक्षकांनी समीकरणांची चित्रे चिकटविण्यात घालविली. त्यात एक वजाचिन्ह चुकले तरी संपूर्ण चित्र पुन्हा करावे लागे.

2016 नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि अभ्यासक्रम म्हणजे चित्रफीत हे समीकरण रूढ झाले. एनपीटेलने हे काम 2003 पासून केले आहे आणि 2014 पासून त्याला प्रमाणपत्राची जोड दिली; त्याचे मोल मोठे आहे. तथापि चित्रफितीत मजकूर पुन्हा एकदा बंदिस्त होतो, ही गोष्ट दुर्लक्षिली जाते. कायद्याच्या किंवा अर्थशास्त्राच्या व्याख्यानातील एक आकडा जुना झाला की तो बदलण्यासाठी शिक्षक, दिवे, कॅमेरा आणि स्टुडिओ यांची जुळणी करावी लागते. लेखी पाठात तो आकडा चहा पिता पिता बदलता येतो. म्हणूनच एनपीटेलने व्याख्यानांच्या लिखित संहिता आणि त्यांची मराठीसह भारतीय भाषांतील रूपे उपलब्ध करून देणे हा त्या प्रकल्पाचा सर्वांत टिकाऊ भाग ठरेल, असे वाटते. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून तो ‘दीक्षा’शी जोडण्याची योजनाही येथे आठवते. छापलेला कोड कागदावर राहतो. त्याच्या पलीकडचे साहित्य टिकविणे ही संस्थेने दरवर्षी पाळावयाची जबाबदारी होऊन बसते.

दारुल तर्जुमा आणि आजचे यंत्र

उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये स्थापन झाले तेव्हा आधुनिक विज्ञान उर्दूतून शिकवावयाचे, तर आधी ग्रंथ हवेत, म्हणून 1917 मध्येच दारुल तर्जुमा, म्हणजे अनुवाद संस्था, सुरू झाली होती. मौलवी अब्दुल हक यांनी तिचे सुरुवातीचे काम पाहिले. परिभाषा घडविण्यासाठी विषयतज्ज्ञ आणि भाषातज्ज्ञ एकत्र बसून एकेका शब्दावर वाद घालीत. अरबी धातूंपासून शब्द बनवावा की उर्दूच्या भारतीय प्रकृतीला रुचेल असा समास करावा, या वादात वहीदुद्दीन सलीम यांनी आपली बाजू ‘वज़ा-ए-इस्तिलाहात’ या ग्रंथात मांडली. पोलीस कारवाईनंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि तो सारा खटाटोप एका अर्थी निरुपयोगी झाला. तरी ग्रंथ छापील असल्यामुळे ते राहिले, कोणी हात न लावताही राहिले, आणि अर्ध्या शतकाने स्कॅन करण्याजोगे उरले. दुर्लक्षित ग्रंथ कपाटात पडून राहतो. दुर्लक्षित संकेतस्थळाची भाडेमुदत एक दिवस संपते.

2022 मध्ये ‘भाषिणी’ सुरू झाल्यापासून यांत्रिक अनुवादाला सरकारी पाठबळ आहे आणि आयआयआयटी हैदराबाद या क्षेत्रात दीर्घकाळ काम करीत आहे. इंग्रजी अभ्यासक्रम मराठीत व उर्दूत आणण्याचा वेग त्यामुळे पुष्कळ वाढला आहे. परंतु यंत्र पाठाच्या पहिल्या भागात एक पारिभाषिक शब्द वापरते आणि चौथ्या भागात त्याच अर्थी दुसरा. परीक्षेत कोणता लिहावयाचा, हे विद्यार्थ्याला कळत नाही. मराठीचे परिभाषा कोश आहेत, दारुल तर्जुम्याचे शब्द अफझलगंजच्या ग्रंथांत आहेत. मात्र उर्दूचे ते शब्द अजून चित्रातच आहेत, यंत्राला शिकविता येतील अशा मजकुरात नाहीत. इंटरनेट आर्काइव्हने 2020 पासून वापरात आणलेले अक्षर-ओळख सॉफ्टवेअर देवनागरी छपाई बऱ्यापैकी वाचते. शिळाछापातील नस्तालिकपुढे त्याची मती कुंठित होते. हे काम हातानेच करावे लागणार आहे आणि ते करू शकणारी माणसे, म्हणजे जुने उर्दू वळण सहज वाचणारे आणि विषयही जाणणारे, दरवर्षी कमी होत आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांना 20 टक्क्यांपर्यंत श्रेयांक देण्यास मुभा दिली, 2021 च्या नियमांनी ती मर्यादा 40 टक्क्यांवर नेली. पदवीचा इतका भाग ज्या पाठांवर अवलंबून राहू शकतो, त्यांची साधी लिखित संहिता, चित्रांच्या मूळ फाइली आणि परिभाषेची यादी संस्थेच्या ग्रंथालयात जमा झाल्याशिवाय अंतिम हप्ता देऊ नये, अशी अट अभ्यासक्रम-निर्मितीच्या करारात घालणे कोणत्याही महाविद्यालयाला आजही शक्य आहे. त्यासाठी नव्या अनुदानाची गरज नाही, ग्रंथपालाला समितीवर घेण्याची मात्र आहे.